साहाय्य निधी मोडून महोत्सवाची तूट भरली. वार्षिक सभेत हा हिशेब कसा मांडायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी संगीत कलावंतांची नोंदणीकृत संस्था आहे. गायक, तबला-पखवाज-पेटीवाले, बँडवाले, सनई, संबळ आणि हलगी वाजवणारे, भजनी मंडळी असे १४० सभासद. वार्षिक वर्गणी ३०० रुपये, यंदा ती ८६ जणांनी भरली. हिवाळ्यात दोन दिवसांचा महोत्सव झाला. त्यात जमा १,७२,००० रुपये आणि खर्च २,३४,००० रुपये. ही ६२,००० रुपयांची तूट भरायला कलावंत साहाय्य निधीची दीड लाखाची मुदतठेव मोडली, उरलेले ८८,००० बचत खात्यात पडून आहेत. दरम्यान खजिनदारांनी राजीनामा दिला. सभा तोंडावर आली आहे आणि सचिव विचारतात: ताळेबंदात हे दाखवायचं कसं, वर्गणी वाढवावी का, आणि महोत्सव बंद करावा का?

मी लातूरला हिशेबतपासणीचं काम करतो. आपल्या भागातल्या संगीत, नाट्य आणि भजनी संस्थांचे ताळेबंद माझ्या टेबलावर सतत येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी निधीचं बोलू, कारण बाकीचे प्रश्न त्याच्या मागून येतात. साहाय्य निधी हा संस्थेच्या हातात असलेला पण संस्थेला मनासारखा खर्च करता न येणारा पैसा आहे. २०२० आणि २०२१ या दोन लग्नसराया बुडाल्या तेव्हा बँडवाल्यांनी बाजा विकला, संबळवाल्यांनी उधारीवर दिवस काढले. त्यानंतर गावोगावी असे निधी उभे राहिले. तुमचाही तेव्हाचाच असावा. ज्यांनी त्यात पैसे दिले त्यांनी ते आजारपणासाठी, वाद्य जळालं-फुटलं तर त्यासाठी, म्हाताऱ्या कलावंतासाठी दिले, मंडपासाठी दिले नाहीत. कार्यकारिणीने ठराव करून तो पैसा महोत्सवाकडे वळवला असला, तरी दात्याचा हेतू ठरावाने बदलत नाही.

म्हणून ताळेबंदात 'साहाय्य निधी ८८,०००' असं लिहू नका. बऱ्याच ठिकाणी हेच केलं जातं. आकडा जुळतो, तपासनीस सही करतो, आणि ६२,००० रुपये कायमचे पुसले जातात. योग्य पद्धत अशी: देण्यांच्या बाजूला साहाय्य निधी पूर्ण १,५०,००० दाखवायचा. महोत्सवाची तूट उत्पन्न-खर्च पत्रकात पूर्ण दाखवायची. ती सर्वसाधारण निधीतून वजा होईल, तिथे पूर्वीची शिल्लक पुरत नसेल तर तूट उघडी दिसेल. दिसू द्या. खाली टीप द्यायची की साहाय्य निधीपैकी ६२,००० रुपये सर्वसाधारण निधीकडून येणे आहेत आणि अमुक ठरावानुसार ते अमुक मुदतीत परत करायचे आहेत. निधी कागदावर अखंड राहतो आणि संस्थेवर त्याचं देणं राहतं. पुढच्या वर्षी कोणीही पदाधिकारी आला तरी ते देणं त्याच्या डोळ्यांसमोर राहील.

ठेव मोडल्यामुळे बुडालेलं व्याजही निधीचंच होतं. त्याची वेगळी नोंद ठेवा आणि परतफेडीत ते धरा. उरलेले ८८,००० सभेची वाट न बघता पुन्हा मुदतठेवीत टाका. बचत खात्यात राहिले तर पुढच्या अडचणीला तेच हाताशी दिसतील.

ठेव कुठे ठेवायची याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ प्रमाणे संस्थेचा पैसा अनुसूचित बँकेत, टपाल बचत बँकेत किंवा शासनाने मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवावा लागतो. पतसंस्था त्यात येत नाही. गावातल्या पतसंस्थेचा अध्यक्ष आपल्याच महोत्सवाचा प्रायोजक असतो, दोन टक्के जास्त व्याज देतो म्हणतो, आणि भिडेपोटी ठेव तिकडे जाते. अलीकडच्या वर्षांत आपल्या भागात अशा किती पतसंस्थांची शटरं खाली आली आणि किती माणसं पावत्या हातात घेऊन रस्त्यावर बसली, हे तुम्ही पाहिलंच आहे. कलावंताच्या औषधपाण्याचा पैसा त्या रांगेत उभा राहता कामा नये.

आता महोत्सव. तो बंद करू नका. आपल्याकडे गायकाला वर्षातून एकदा तरी चांगल्या ध्वनिव्यवस्थेत, कान देऊन ऐकणाऱ्या श्रोत्यांसमोर बसायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. अंबाजोगाईत यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतीचा समारोह होतो, छत्रपती संभाजीनगरला वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, माळेगावच्या यात्रेत लोककलावंतांना मंच मिळतो. पण तालुक्याच्या कलावंताला आपल्या गावचा मंच वेगळाच लागतो. फक्त महोत्सवाचा हिशेब संस्थेच्या हिशेबापासून तोडा. वेगळं बँक खातं काढणं शक्य नसेल तर कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) आणि खतावणीत (खातेवार वहीत) तरी वेगळं सदर ठेवा, पावतीपुस्तक वेगळं छापा, आणि एक नियम ठरावात घाला: महोत्सवाची तूट साहाय्य निधीतून भरता येणार नाही.

तूट येते कुठून? मी पाहिलेल्या बहुतेक हिशेबांत ती कलावंतांच्या बिदागीतून आलेली नसते. ती येते तोंडी आश्वासनातून. जिनिंगवाला म्हणतो पंचवीस हजार देतो, क्लासवाला म्हणतो बॅनर लावा, बघू. सोयाबीनचा भाव पडतो किंवा ऐन काढणीत पाऊस येतो, बाजारपेठच थंड होते, आणि महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात पंचवीसचे दहा होतात. तोवर मंडप, ध्वनी, प्रकाश आणि बाहेरगावच्या कलावंताची गाडी ठरून गेलेली असते. यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो. महोत्सवाच्या तीस दिवस आधी खात्यात प्रत्यक्ष जमा असलेली रक्कम बघा आणि कार्यक्रम तेवढ्याचाच आखा. दोन दिवसांचा एक दिवस झाला तरी हरकत नाही. उशिरा आलेले पैसे पुढच्या वर्षाला कामी येतात.

खर्चाच्या बाजूला एक गोष्ट मनापासून पाळा. साथीदारांची बिदागी मुख्य कलावंताच्या पाकिटात घालून देऊ नका. तबलजी, पेटीवाला, तानपुऱ्यावर बसलेली विद्यार्थिनी, प्रत्येकाचं व्हाउचर वेगळं आणि शक्यतो प्रत्येकाच्या खात्यावर थेट रक्कम. कलावंतांच्याच संस्थेत साथीदाराला किती मिळाले हे कळत नसेल तर तिला कलावंतांची संस्था म्हणायचं कशाला? यात प्राप्तिकराचाही मुद्दा आहे. करसवलत घेणाऱ्या संस्थेने एका दिवशी एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च उद्दिष्टांवर केलेला खर्च म्हणून धरला जात नाही. मंडपवाल्याला रात्री अकरा वाजता रोखीत चाळीस हजार मोजणं इथेच नडतं. त्याच मंडप-ध्वनीवाल्याचं एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली तर टीडीएस, म्हणजे बिल देतानाच कापून सरकारला भरायचा प्राप्तिकर, कापायचा असतो, हेही लक्षात ठेवा.

महोत्सव चालू असताना कार्याध्यक्षांनी किंवा कोणी पदाधिकाऱ्याने पदरचे पैसे घातले असतील तर ते हिशेबात कसे लिहिले आहेत ते तपासा. 'अमुक यांचे हातउसने' असं लिहिलं असेल तर ते संस्थेने घेतलेलं कर्ज होतं, आणि १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६अ प्रमाणे विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज घेता येत नाही. भावनेपोटी दिलेला पैसा असतो, देणाऱ्याचा हेतूही चांगला असतो, पण कागदावर तो नियमभंग ठरतो. त्यांची इच्छा असेल तर रीतसर देणगीची पावती द्या.

वर्गणीकडे येतो. वाढवण्याआधी वसुली बघा. १४० जणांनी भरली असती तर ४२,००० रुपये झाले असते. आले २५,८००. म्हणजे ५४ जणांकडचे १६,२०० रुपये आलेच नाहीत. तुमच्या पत्रात नेहमीचा खर्च असा आहे: खोलीचं भाडं महिना १,५०० प्रमाणे १८,०००, तपासणी आणि कागदपत्रं ७,०००, सभा ४,०००, किरकोळ २,०००. बेरीज ३१,०००. म्हणजे महोत्सव झालाच नसता तरी संस्था ५,२०० रुपयांनी तोट्यात होती. ही गोष्ट महोत्सवाच्या गदारोळात कोणाच्या लक्षात आली नाही असं दिसतं. वर्गणी ५०० केली आणि भरणारे साठावर आले तर हाती ३०,००० येतील, तरी खर्च भागणार नाहीच आणि ऐंशी माणसं संस्थेपासून तुटतील.

ते ५४ जण कोण आहेत याची यादी काढून बघा. माझा अंदाज आहे की त्यात बँडवाले, हलगीवाले आणि गोंधळी जास्त निघतील. अशा बहुतेक संस्थांत कार्यकारिणीवर क्लास चालवणारे आणि शाळेतले संगीत शिक्षक असतात, तर वाजंत्री मंडळी सभासदसंख्येपुरती. वर्गणीची मागणी जाते एप्रिलमध्ये, आर्थिक वर्ष सुरू झालं म्हणून. तेव्हा लग्नाच्या सुपाऱ्या चालू असतात, माणूस घरी सापडत नाही. मग पुन्हा आठवण होते आषाढ-श्रावणात, जेव्हा त्याच्या हातात काम नसतं. मे महिन्याचे शेवटचे दिवस किंवा नवरात्र संपल्यानंतरचा आठवडा, या दोन वेळा पैसा त्याच्या खिशात असतो. तेव्हा जा, पावती जागेवर द्या, दोन हप्त्यांत घ्या. आणि वाजंत्र्यांपैकी दोघांना कार्यकारिणीत घ्या. नुसतं त्यांच्याकडे पैसे मागायला जाऊन ती माणसं संस्थेत रुळणार नाहीत.

खोलीचं भाडं मला खटकतं. महिन्यातून एक बैठक होत असेल तर ती एखाद्या संगीत विद्यालयात किंवा वाचनालयात होऊ शकते. वर्गणी पूर्ण आली तर वर्षाला ११,००० उरतात, त्यात भाड्याचे १८,००० वाचले तर २९,०००. दोन वर्षांत ५८,००० निधीला परत जातात आणि तिसऱ्या वर्षी उरलेले ४,००० व बुडालेलं व्याज. वर्गणीत एक रुपयाची वाढ न करता हे जमतं. पत्ता बदलला तर तो बदलही धर्मादाय कार्यालयात नोंदवायचा, एवढं विसरू नका.

जीएसटीची धास्ती सभेत कोणीतरी घालतोच, म्हणून दोन ओळी. कला-संस्कृतीच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेची सभासद वर्गणी माणशी वर्षाला १,००० रुपयांपर्यंत करमुक्त आहे, संगीत कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत करमुक्त आहे, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाची बिदागी एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत करमुक्त आहे. शिवाय सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असताना तुम्हाला नोंदणीच लागत नाही.

तुमच्याकडे संगीत परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं परीक्षा केंद्र चालतं असा तुमच्या पत्रात उल्लेख आहे. विद्यार्थ्यांकडून घेतलेलं परीक्षा शुल्क संस्थेचं उत्पन्न नाही. ते मंडळाला पाठवायचं देणं आहे, फक्त केंद्राला मिळणारा खर्चाचा भाग तुमचा. ३१ मार्चला ते पैसे खात्यात पडून असतात आणि शिल्लक फुगलेली दिसते. त्या फुगलेल्या शिलकीवर महोत्सव ठरवला जातो. तुमच्याही बाबतीत असं झालं का ते पाहा. तसंच मार्चमध्ये आलेला एप्रिलच्या कार्यक्रमाचा विसार पुढच्या वर्षाचा असतो, आगाऊ जमा म्हणूनच दाखवायचा. गुढीपाडवा, रामनवमी आणि चैत्रातल्या यात्रा याच तोंडावर येत असल्याने कलावंत संस्थांच्या हिशेबात ही गल्लत सर्रास होते.

साहाय्य निधी वाटायचे नियम लिहिलेले नसतील तर याच सभेत ते मंजूर करून घ्या. यात एक कायदेशीर खाच आहे. तुमच्या संस्थेने प्राप्तिकराची धर्मादाय नोंदणी घेतली आहे. अशा संस्थेचा लाभ फक्त स्वतःच्या सभासदांपुरता ठेवला तर तिचं सार्वजनिक स्वरूपच वादात येतं. म्हणून नियमात 'तालुक्यातील गरजू संगीत कलावंत' असे शब्द ठेवा, 'सभासद' असे नको. विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक यांना मदत देऊ नका, सवलत त्यामुळेही धोक्यात येते. अर्ज बघायला तिघांची समिती पुरे, त्यातला एक संस्थेबाहेरचा, गावातला डॉक्टर किंवा निवृत्त मुख्याध्यापक. निर्णय पंधरा दिवसांत. दवाखान्यात असलेल्या माणसाला पुढच्या मासिक बैठकीची वाट बघायला लावू नये. सभेत फक्त किती जणांना एकूण किती दिले हे वाचा. नावं वाचू नका. ज्याने आयुष्यभर लोकांच्या दारात मानाने वाजवलं त्याचं नाव मदतीच्या यादीत जाहीर वाचलं जाणं त्याला सहन होत नाही, आणि मग गरजू माणूस अर्जच करत नाही.

एका कामाकडे तुमचं लक्ष वेधतो, ज्याला जवळपास खर्च नाही. शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. पन्नाशी उलटलेल्या, कमी उत्पन्नाच्या कलावंताला त्यातून महिना ५,००० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला ६०,०००. पाच जणांचे अर्ज मंजूर झाले तर सभासदांच्या घरात वर्षाला ३ लाख रुपये येतात. तुमच्या महोत्सवाचा सगळा खर्चही एवढा नाही. पण अर्जाला लागतात कला सादर केल्याचे पुरावे, उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला. गोंधळ्याकडे जुनी कात्रणं नसतात, बँडवाल्याकडे सुपारीच्या पावत्या नसतात. हे गोळा करणं, तहसीलला खेटे घालणं, अर्ज भरून देणं हे काम संस्थेने अंगावर घ्यावं. वार्षिक अहवालात महोत्सवाच्या फोटोंच्या आधी 'यंदा इतक्या कलावंतांचे अर्ज भरले, इतके मंजूर झाले' ही ओळ यावी असं मला फार वाटतं. ती ओळ दिसली की वर्गणी न भरणाऱ्या ५४ जणांतले बरेच आपणहून येतील.

सभेच्या कामकाजाचं आता भराभर सांगतो. हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि तपासणी सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. तपासणी झालेलेच हिशेब सभेपुढे ठेवा. आषाढी एकादशीनंतर गणपतीच्या आधी सभा घेतली तर कलावंत मोकळे असतात. पितृपंधरवड्यातही असतात, काहींना तो चालत नाही, पण सभा म्हणजे काही मंगलकार्य नव्हे. नोटीस नियमावलीत दिलेल्या मुदतीने आणि दिलेल्या पद्धतीनेच काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली म्हणजे झालं असं धरू नका. मतदानाचा हक्क कोणाला, हे वर्गणीच्या कोणत्या तारखेवर ठरतं ते नियमावलीत बघा आणि यादी आधीच फळ्यावर लावा. सभेच्या दारात वर्गणी घेऊन मतदार वाढवणं हे अर्ध्या भांडणांचं मूळ आहे. प्रत्येकाच्या हातात एक पानी मराठी हिशेब द्या: किती आले, किती गेले, निधीचं किती देणं आहे. ताळेबंद वाचता न येणाऱ्या माणसाला ते पान वाचता आलं पाहिजे.

निधीचा विषय अध्यक्षांनी स्वतः, प्रश्न येण्याआधी, हिशेब वाचनाच्या सुरुवातीलाच मांडावा. काय घडलं, का घडलं, किती परत करायचे, कधीपर्यंत. त्यानंतर ठराव, साधारण असा: 'महोत्सवाच्या तुटीपोटी कलावंत साहाय्य निधीतून वापरलेले ६२,००० रुपये आणि त्यावरील बुडालेले व्याज सर्वसाधारण निधीतून तीन वर्षांत परत करण्यात यावे, परतफेड पूर्ण होईपर्यंत दर वार्षिक सभेत शिल्लक देणे वाचून दाखवावे, आणि यापुढे साहाय्य निधीची ठेव त्याच्या उद्दिष्टाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी मोडू नये.' सूचक आणि अनुमोदक कार्यकारिणीबाहेरचे असतील तर चांगलं.

राहिले खजिनदार. त्यांचा राजीनामा कार्यकारिणीच्या बैठकीत मंजूर झाल्याचा ठराव असू द्या. कीर्द, खतावणी, पावतीपुस्तकं वापरलेली आणि कोरी, चेकबुक, ठेवपावती, प्राप्तिकराचा पासवर्ड, सगळ्याची यादी करून दोघांच्या सह्यांनी ताबा घ्या, आणि कोऱ्या पावतीपुस्तकांचे क्रमांक त्या यादीत लिहा. राजीनामा देणाऱ्या माणसाला दोष चिकटू नये म्हणूनही ही यादी त्याच्या हिताची आहे. नव्या खजिनदाराची निवड झाली की त्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करा. हे आजचं उद्यावर टाकू नका. आपल्याकडे अशा कितीतरी संस्था आहेत जिथे दप्तरी नोंदीवर अजून दिवंगत झालेले पदाधिकारीच आहेत, आणि मग बँक सह्या बदलत नाही, अनुदानाचा अर्ज अडतो, ठेवीचं नूतनीकरणही अडतं. मुदत उलटून गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडून तो दाखल करता येतो. प्राप्तिकराच्या धर्मादाय नोंदणीच्या प्रमाणपत्रावरची मुदतही याच बैठकीत वाचून बघा, नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी जावा लागतो.